कुशिंगचे औषध : आधी हिशेब, मग गोळी

कुत्रा पाणी फार पितो, अशी तक्रार घेऊन सहसा कोणी माझ्याकडे येत नाही. तक्रार असते ती घरात लघवी केल्याची. "डॉक्टरसाहेब, नऊ वर्षांत कधी घरात घाण केली नाही, आणि आता रोज सकाळी उठून फरशी पुसावी लागते," असे मालक सांगतात. मग विचारपूस केली की बाकीचे बाहेर पडते. पाण्याचे भांडे दिवसातून चार वेळा भरावे लागते. खा-खा सुटली आहे, कचऱ्याच्या डब्यातही तोंड घालतो. पोट सुटले आहे, पण पाय काटकुळे झाले आहेत. अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच गेले आहेत आणि खालची कातडी पातळ झाली आहे. चार पायऱ्या चढला की धाप लागते. "म्हातारपण आले, दुसरे काय," असे म्हणत घरच्यांनी सहा-आठ महिने काढलेले असतात.

यातले सगळेच म्हातारपण नसते. काही कुत्र्यांना कुशिंगचा रोग झालेला असतो. या रोगावर औषध आहे. परंतु ते महाग आहे, बहुधा जन्मभर द्यावे लागते आणि चुकीच्या रीतीने दिले तर जिवावर बेतते. गेल्या काही महिन्यांत या औषधाविषयी विचारणा करणारी चार-पाच पत्रे आली. सर्वांचा सूर एकच : स्वस्तात कसे करता येईल? प्रश्न रास्त आहे. आपल्यासारख्या गावात कुत्रा पाळणारे सगळेच काही बंगलेवाले नसतात. पेन्शनवरचे शिक्षक असतात, एस.टी.चे कंडक्टर असतात, शेताची राखण करणाऱ्या कुत्र्याला घरचे माणूस समजणारे शेतकरीही असतात.

माझे उत्तर काही जणांना आवडणार नाही. तरीही ते आधीच सांगून टाकतो. या रोगात औषधापेक्षा तपासणीसाठी पैसे आधी बाजूला काढावेत. ज्याला गोळी परवडते पण तपासणी परवडत नाही, त्याने गोळी सुरूच करू नये. असे का, ते पुढे सांगतो.

रोग म्हणजे काय?

मूत्रपिंडांजवळ अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. आजारपण, उपास, भीती, दुखापत अशा प्रसंगी शरीर तगून राहते ते या संप्रेरकाच्या बळावर. त्याच्यावर हुकमत असते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची. या यंत्रणेत बिघाड होऊन कॉर्टिसॉल वाजवीपेक्षा जास्त तयार होऊ लागले की वर सांगितलेली लक्षणे दिसू लागतात. अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली माणसांतील या रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव रोगाला मिळाले. माणसांत हा रोग विरळा. कुत्र्यांत मात्र, विशेषतः मध्यम वय उलटल्यावर, तो त्यामानाने बराच आढळतो.

नैसर्गिकरीत्या रोग झालेल्या दर १०० कुत्र्यांपैकी सुमारे ८० ते ८५ जणांत पियुषिका ग्रंथीवर गाठ असते. ती बहुधा अगदी बारीक असते. उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीवरच गाठ असते. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, पण ते काम मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत गोळ्या हाच मार्ग उरतो. गोळ्यांनी गाठ जात नाही. कॉर्टिसॉल आटोक्यात राहते आणि कुत्र्याचे दिवस सुखाचे जातात, एवढेच.

इंजेक्शनांनी आलेला कुशिंग

याच रोगाचा एक दुसरा प्रकार आहे. तो निसर्गाने दिलेला नसून आपण आणलेला असतो. कुत्र्याला खाज सुटते. मालक केमिस्टकडे जातात. तेथून प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन अशा स्टेरॉइडच्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत खाज थांबते. पंधरा दिवसांनी ती परत येते, पुन्हा तीच गोळी. कोणी दर महिन्याला इंजेक्शन टोचून घेतात. कोणी घरातल्या माणसांसाठी आणलेले गजकर्णाचे मलम कुत्र्याला चोळतात आणि कुत्रा ते चाटून टाकतो. त्या मलमात स्टेरॉइड आहे हे घरात कोणाला ठाऊकही नसते. असे महिनोन्महिने चालले की कुत्रा हुबेहूब कुशिंगच्या रोग्यासारखा दिसू लागतो, कारण ही औषधे कॉर्टिसॉलचेच काम करतात.

फरक आहे तो आतमध्ये. बाहेरून आयता माल मिळू लागल्यामुळे कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथी काम सोडून देतात आणि आकसतात. अशा कुत्र्याला कॉर्टिसॉल कमी करणारे महागडे औषध दिले, तर आधीच रिकाम्या झालेल्या तिजोरीवर दरोडा घालण्यासारखे होईल. त्याला त्या औषधाची गरजच नसते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद करणे हाच त्याच्यावरचा उपचार आणि तोच सर्वांत स्वस्त. मात्र 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. हा लेख वाचून कोणी उद्या सकाळी स्टेरॉइड एकदम बंद करू नये. ग्रंथी पुन्हा कामाला लागण्यापूर्वी आधार काढून घेतला तर कुत्रा कोसळू शकतो.

ही औषधे कायद्याने 'शेड्यूल एच' मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टेरॉइडच्या अनेक मलमांनाही २०१८ साली हाच नियम लागू झाला. तरीही काउंटरवर काय चालते ते आपण सारे जाणतो. मला विचाराल तर कुशिंगवरचा खर्च वाचवण्याचा पहिला उपाय हाच : खाजेचे मूळ शोधा. पिसवा असतील तर पिसवांवर, बुरशी असेल तर बुरशीवर, खरूज असेल तर खरजेवर औषध करा. आणि दवाखान्यात येताना मागच्या वर्षभरात दिलेल्या सर्व गोळ्या, मलमे, कानाचे व डोळ्यांचे थेंब पिशवीत घालून घेऊन या. ती पिशवी पाहूनच पुष्कळदा हजारो रुपयांच्या चाचण्या वाचतात.

निदानाचा खर्च

पहिली तपासणी फुकट आहे आणि ती घरीच करायची. चोवीस तासांत कुत्रा किती पाणी पितो ते लिटरच्या मापाने मोजा. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते नक्कीच जास्त. म्हणजे १० किलोच्या स्पिट्झने दिवसाला एक लिटरवर पाणी पिणे ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. तीन दिवस मोजून वहीत लिहा.

पण पाणी जास्त पिणे म्हणजे कुशिंगच असे नव्हे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कुत्रीच्या गर्भाशयात पू होणे या सर्वांत तहान वाढते. म्हणून आधी लघवीतील साखर, रक्तातील क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, रक्तपेशींची मोजणी या साध्या व त्यामानाने स्वस्त तपासण्या कराव्यात. निम्मा उलगडा तेथेच होतो. त्यानंतर सकाळी घरी धरलेल्या लघवीतील कॉर्टिसॉलचे प्रमाण तपासता येते. ते सामान्य आले तर कुशिंगची शक्यता फार कमी होते. जास्त आले तर मात्र त्यावरून रोग सिद्ध होत नाही, कारण इतर आजारांतही ते वाढते.

पक्के निदान रक्ताच्या चाचणीने होते. डेक्सामेथासोनची अगदी थोडी मात्रा शिरेतून देऊन सुरुवातीला, चार तासांनी आणि आठ तासांनी रक्त घेतात. निरोगी कुत्र्याचे कॉर्टिसॉल दबते, रोगी कुत्र्याचे दबून राहत नाही. यातले इंजेक्शन स्वस्त असते. खर्च होतो तो तीन वेळा कॉर्टिसॉल मोजण्याचा. दुसऱ्या चाचणीत ग्रंथीला उत्तेजन देणारे इंजेक्शन वापरतात. ते महाग पडते आणि सहज मिळत नाही. मात्र स्टेरॉइडमुळे झालेला प्रकार ओळखण्यासाठी हीच दुसरी चाचणी उपयोगी. कोणती करायची ते डॉक्टर ठरवतील, पण "दोन्हींत काय फरक, खर्च किती?" असे विचारण्यात संकोच नसावा.

मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या दवाखान्यांत चौकशी जरूर करावी. पाच-सहा वेळा खासगीत तुकड्या-तुकड्याने पैसे घालवण्यापेक्षा एकदा एस.टी.चा प्रवास करून नीट निदान करून घेणे पुष्कळांना स्वस्त पडते.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतात, "चाचण्यांत पैसे कशाला घालवायचे? लक्षणे तर दिसताहेत. गोळी सुरू करून पाहू." त्यांचा हेतू चांगला असतो आणि मालकाची ऐपत पाहूनच ते असे म्हणतात. परंतु हे औषध 'देऊन पाहण्याचे' नाही. निरोगी ग्रंथी असलेल्या किंवा स्टेरॉइडमुळे ग्रंथी आकसलेल्या कुत्र्याला ते दिले तर वाचवलेल्या पैशांच्या अनेक पटींनी सलाइन आणि अतिदक्षतेवर जातात. कधी कुत्राही हातचा जातो.

औषध द्यायचे कसे?

आज या रोगावर मुख्यतः वापरले जाणारे औषध म्हणजे ट्रायलोस्टेन. ते कॉर्टिसॉल तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला २००८ साली मान्यता मिळाली. त्याआधी आणि काही ठिकाणी अजूनही मायटोटेन वापरले जाते. हे औषध डीडीटीच्या कुळातले. ते अधिवृक्क ग्रंथीच्या पेशीच नष्ट करते, म्हणून त्यावर देखरेख आणखी कडक लागते. बुरशीवरचे कीटोकोनॅझोल स्वस्त आहे आणि तेही कॉर्टिसॉल कमी करते, पण सर्व कुत्र्यांत गुण येत नाही आणि यकृताला इजा होऊ शकते. स्वस्त म्हणून ते आपल्या मनाने आणून देऊ नये.

ट्रायलोस्टेनची कॅप्सूल नेहमी जेवणाबरोबर द्यावी. उपाशी पोटी ते नीट शोषले जात नाही. रोजची वेळ एकच ठेवावी. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये, नेहमीचीच द्यावी. कॅप्सूल उघडून भुकटीचे अंदाजाने दोन भाग करू नयेत. घरातील गर्भवती स्त्रीने किंवा मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने या कॅप्सूलला हात लावू नये. लावावाच लागला तर हातमोजे घालावेत. हात धुणे सर्वांनाच आवश्यक. गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला हे औषध देत नाहीत. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, हृदयविकाराच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांपैकी काही औषधांबरोबर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुशिंगचा कुत्रा खादाड असतो. त्याने अन्नाकडे पाठ फिरवली तर मालकाला बरे वाटते, "औषध लागू पडले!" भूक थोडी कमी होऊन पूर्वीसारखी होणे वेगळे आणि अन्न सोडणे वेगळे. अन्न सोडणे, उलटी, जुलाब, अंग टाकून पडणे, लटपटणे, थरथरणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर खाली गेल्याची ती खूण असू शकते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक कुत्री सावरतात. "उद्या बघू" म्हणून गोळी चालू ठेवणे मात्र घातक. म्हणून घरात जो कोणी गोळी देतो त्याला एक नियम पाठ असावा : आज जेवला नाही तर आज गोळी नाही, आणि डॉक्टरांना फोन.

खर्चाचा हिशेब

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून वर्षभराचा अंदाज कागदावर लिहून घ्या. त्यात दोन रकाने असावेत. पहिला गोळ्यांचा. मात्रा वजनावर ठरते. दर किलोला एक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असे धरले तर १० किलोच्या कुत्र्याला रोज २० मिलिग्रॅम आणि ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला ६० मिलिग्रॅम लागेल. म्हणजे खर्च जवळजवळ तिप्पट. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

दुसरा रकाना तपासण्यांचा. औषध सुरू केल्यावर १० ते १४ दिवसांनी, मग महिन्याने, तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. कॉर्टिसॉलबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम पाहतात. पहिल्या वर्षात अशा किमान सहा तपासण्या होतात. मात्रा बदलली की पुन्हा १०-१४ दिवसांनी एक जादा. उत्तेजन इंजेक्शनाची चाचणी दर वेळी परवडत नसेल तर पुढच्या गोळीच्या आधी एकदा रक्त घेऊन कॉर्टिसॉल पाहण्याची पद्धतही अलीकडे काही पशुवैद्यक वापरतात. ती चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. दोन्ही रकान्यांची बेरीज घरात सर्वांसमोर मांडा आणि मगच निर्णय घ्या.

काटकसर करता येते ती अशी. पहिल्या महिन्यात मात्रा बदलण्याची शक्यता असते, म्हणून सवलत मिळते या लोभाने तीन महिन्यांचा साठा घेऊ नका. कमी मात्रेने सुरुवात करून गरजेप्रमाणे वाढवणे खिशालाही बरे आणि कुत्र्यालाही सुरक्षित. मात्रा ठरल्यावर मात्र एकदम मागवण्यात, दोन-तीन दुकानांत भाव विचारण्यात शहाणपण आहे. पाणी, भूक व लघवीची वही रोज लिहा; ती नीट असली तर डॉक्टरांना अंदाज येतो आणि अनावश्यक फेऱ्या वाचतात. तहान-भूक काही आठवड्यांत उतरते, पण केस यायला तीन महिने किंवा जास्तही लागतात. केस आले नाहीत म्हणून आपणच मात्रा वाढवणे किंवा डॉक्टर बदलणे, दोन्ही महागात पडते.

कोणी स्वस्तात कॅप्सूल भरून देतो, असेही ऐकू येते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा प्रकारे बनवून दिलेल्या ट्रायलोस्टेनच्या काही कॅप्सूलमध्ये लिहिल्यापेक्षा औषध कमी-अधिक भरले होते. जेथे मात्रेचा फरक जीव घेऊ शकतो तेथे ही बचत मला मान्य नाही. पावती, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेलेच औषध घ्यावे.

परवडत नसेल तर?

हा प्रश्न विचारताना लोक खाली मान घालतात. तशी गरज नाही. कुशिंग हा बहुधा हळूहळू वाढणारा रोग आहे. कुत्रा खातो-पितो, फिरतो, लक्षणे सौम्य आहेत, तर लगेच औषध सुरू न करता लक्ष ठेवणे हाही वैद्यकीयदृष्ट्या मान्य मार्ग आहे. त्वचेचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर त्यावर उपचार करावेत. रात्री एकदा जादा बाहेर न्यावे, अंथरुणाखाली प्लास्टिक घालावे. लघवी केली म्हणून मारू नये. ती खोड नव्हे, आजार आहे. आणि लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडण्याचा अघोरी उपाय कोणीही करू नये. पाणी पितो म्हणून लघवी होते असे नाही, लघवी जास्त जाते म्हणून तो पाणी पितो. पाणी तोडले तर तो सुकून मरेल.

"माणसांना औषध मिळत नाही आणि कुत्र्यावर कसला खर्च?" असे म्हणणारेही आहेत. ज्याने दहा वर्षे दारात राखण केली त्याच्यासाठी किती खर्च करायचा हे त्या घराने ठरवावे. शेजाऱ्यांनी नव्हे आणि डॉक्टरांनीही नव्हे. आमचे काम एवढेच, की खर्चाचा खरा आकडा पहिल्याच दिवशी सांगावा. गोळीची किंमत सांगून तपासणीची किंमत मागाहून सांगणे हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कारण मग होते काय, दोन महिने गोळ्या चालतात, तपासणीची वेळ आली की मालक येईनासे होतात, पण गोळी मात्र जुन्याच मात्रेने चालू राहते. सर्वांत जास्त धोका याच अर्धवट उपचारात आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांनी उद्या तीन गोष्टी कराव्यात : पाणी मोजावे, जुन्या औषधांची पिशवी भरावी आणि डॉक्टरांकडे जाऊन दोन रकान्यांचा हिशेब मागावा. गोळीचा विचार त्यानंतर.